तीन नंबरच्या काउंटरचा सोमवार

माझ्या कामातले आकडे मोठे नसतात. एका पत्त्यात चार आकडे, आणि त्यातला एकही दोनशे पंचावन्नच्या पुढे जात नाही. गेली सव्वीस वर्षं मी अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या पट्ट्यातल्या लहान कचेऱ्यांत, दवाखान्यांत आणि कारखान्यांत कॉम्प्युटरचं नेटवर्क बसवतो आणि ते बिघडलं की दुरुस्त करतो. मी नेमकं काय करतो हे मैत्रिणींना सांगताना माझ्या बायकोची पंचाईत होते. "कॉम्प्युटरमध्ये आहेत" म्हटलं की त्या मुलाला नोकरी लावा म्हणतात, "वायरींचं काम करतात" म्हटलं की घरातली बंद ट्यूबलाइट दाखवतात.

म्हणून आधी थोडं समजावून सांगतो. नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येक यंत्राला, मग तो कॉम्प्युटर असो, प्रिंटर असो की खिशातला फोन, एक पत्ता लागतो. तो नसेल तर यंत्र चालू दिसतं, पडदा उजळतो, पण त्याचं कुणाशी बोलणं होत नाही. लहान जागेत हे पत्ते वाटण्याचं काम बहुधा मुख्य स्विचकडे असतं. स्विच म्हणजे एक चपटा डबा, इमारतीतल्या सगळ्या वायरी त्यात येऊन मिळतात. त्याच्याकडे पत्त्यांचा ठरावीक साठा असतो, आमच्या भाषेत पूल. यंत्र चालू झालं की पत्ता मागतं. स्विच साठ्यातला एक देतो, कुणाला दिला ते टिपून ठेवतो आणि तो किती वेळ वापरायचा याची मुदत घालून देतो. मुदत संपली आणि यंत्राने ती वाढवून घेतली नाही, की पत्ता परत साठ्यात. या सगळ्या व्यवहाराला डीएचसीपी म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल.

मला स्वतःला हे इतक्या सोप्या शब्दांत सांगता येत नसे. ते शिकवलं बोरिवलीच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी. त्यांच्याकडे रविवारी लग्न झालं की सोमवार-मंगळवारच्या कार्यात पाहुण्यांचं वायफाय लागायचं नाही. मी जाऊन पाहिलं. साठ्यात दोनशे पत्ते, आणि मुदत कुणीतरी आठ दिवसांची ठेवलेली. रविवारचे पाहुणे दोनशे पत्ते घेऊन आपापल्या घरी गेलेले, आणि पुढच्या रविवारपर्यंत स्विचच्या दृष्टीने ते अजून हॉलमध्येच बसलेले. हे मी पंधरा मिनिटं समजावत होतो. मालक पान लावता लावता म्हणाले, "अहो, म्हणजे पंगत उठली पण ताटं उचललीच नाहीत, असंच ना?" मी मुदत चार तासांवर आणली. तेव्हापासून कुठेही समजावताना मी पंगतीपासून सुरू करतो आणि मनातल्या मनात त्या गृहस्थांचे आभार मानतो.

पण ज्या प्रसंगासाठी हे लिहायला घेतलं तो मरोळचा आहे, आणि त्यात चूक माझी होती.

मरोळला औद्योगिक वसाहतीच्या मागच्या बाजूला एका ट्रस्टचं तपासणी केंद्र आहे. रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी. गर्दी असते ती आसपासच्या कामगारांची आणि त्यांच्या घरच्यांची. तिथलं नेटवर्क मी बसवलं होतं, आणि दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तपासायला जात असे. नोंदणीची तीन काउंटर. त्यातलं तीन नंबरचं ज्येष्ठ नागरिकांसाठी. तिथे सप्टेंबरपासून हेमांगी तांडेल बसू लागली. वय चौतिशीचं, राहायला वेसाव्यात. सासरी मासळीचा धंदा, सासू अजून बाजारात बसते. मुलगा पाचवीत गेल्यावर हिने नोकरी धरली. पहिले सहा महिने कच्ची नेमणूक, फेब्रुवारीअखेर काम बघून कायम करणार किंवा थांबवणार, असा ट्रस्टचा नियम होता.

जानेवारीच्या मध्यापासून तीन नंबरचा कॉम्प्युटर अडू लागला. कधीतरीच, पण अडला की सकाळभर. पुढे म्हातारी माणसं उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली, आणि नोंदणी होत नाही. एक आणि दोन नंबर मात्र व्यवस्थित चालू. व्यवस्थापक करंदीकर, बँकेतून निवृत्त होऊन इथे आलेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी मला सांगितलं, मी फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी गेलो. वायर तपासली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पत्ता मिळत होता, सगळं सुरळीत. मी भेटीच्या कागदावर लिहिलं: नेटवर्क सुस्थितीत आहे, वापरातील चूक संभवते.

'वापरातील चूक' हे आमच्या धंद्यात सर्रास लिहितात. कारण सापडलं नाही की हे लिहायचं. मीही तोवर कितीतरी वेळा लिहिलं असेल. ते शब्द कागदावर पडल्यावर पुढे कुठे जातात याचा मी कधी विचार केला नव्हता.

पुढच्या सोमवारी तीन नंबर पुन्हा बंद, आणि रांगेतले एक आजोबा मधुमेहाचे. उपाशी बसून बसून चक्कर येऊन बाकावरून खाली आले. फार लागलं नाही, पण त्यांच्या मुलाने आवाज चढवला. करंदीकरांनी त्याच दिवशी हेमांगीला मेमो दिला. त्यात माझं वाक्य जसंच्या तसं होतं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शुक्रवारी दुपारी फोन आला.

"पेडणेकर सर ना? मी मरोळहून हेमांगी तांडेल बोलते. तीन नंबर काउंटर. तुमचा नंबर स्विचच्या कपाटावर चिकटवलाय, तिथून घेतला."

"बोला."

"सर, तुम्ही नेहमी गुरुवारी येता. गुरुवारी माझं चालूच असतं. एकदा सोमवारी या ना. साडेसातला."

"सोमवारीच का?"

"कारण ते सोमवारीच बंद पडतं. माझ्याकडे लिहिलेलं आहे." मग म्हणाली, "तुम्ही माझी चूक लिहिलीत. माझी असेल तर मला दाखवा, मी सुधारेन. नसेल तर मग तेही लिहा ना."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, सोमवारी येतो.

सोमवारी साडेसातला पोचलो तेव्हा ती काउंटरवर होती आणि रांग दारापर्यंत आली होती. तिने माझ्यापुढे एक वही ठेवली, मुलाची गणिताची जुनी, मागच्या कोऱ्या पानांवर रकाने आखलेले. वार, कॉम्प्युटर चालू केल्याची वेळ, आणि पत्त्याचा पहिला आकडा. तो कुठे बघायचा हे तिने लॅबमधल्या एकाकडून शिकून घेतलं होतं. मंगळवार ते शनिवार १९२. सोमवार १६९. पुन्हा मंगळवार ते शनिवार १९२. सोमवार १६९. प्रत्येक सोमवारपुढे आणखी एक वेळ: काम आपोआप सुरू झाल्याची. ११.०८, ११.०५, ११.१०, ११.०६.

"हे कुणी सांगितलं लिहायला?"

"कुणी नाही. सासूबाईंच्या सगळं डोक्यात राहतं, कुणाला किती टोपल्या दिल्या ते. माझ्या राहत नाही, म्हणून लिहिते."

मी आकड्यांचा माणूस आहे. सव्वीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाने मला अशी वही दिलेली नाही. लोक सांगतात "नेट गेलं", "सारखं जातं", "हल्ली फारच जातं". कधी गेलं विचारलं तर "अहो, आत्ताच." आणि इथे पाच आठवड्यांची नोंद, मिनिटांसकट. मला ती वही बघून लाज वाटली आणि आनंदही झाला. दोन्ही खरं.

स्विचने दिलेला पत्ता १९२ ने सुरू होतो. तिच्या पडद्यावर १६९ होतं. पत्ता मागूनही कुणी दिला नाही की यंत्र स्वतःच स्वतःला एक तात्पुरता पत्ता लावून घेतं, तो या आकड्याने सुरू होतो. म्हणजे कॉम्प्युटर धडधाकट होता, वायर धडधाकट होती, स्विचकडे द्यायला पत्ताच नव्हता. पण कसं शक्य होतं? साठा मीच ठरवला होता. साठ पत्ते. केंद्रातली यंत्रं, कर्मचाऱ्यांचे फोन धरून, एक्केचाळीस. एकोणीस शिल्लक. हा हिशेब मी स्वतःच्या हाताने मांडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता.

मी स्विचला लॅपटॉप जोडला. त्यात भांडणाच्या पत्त्यांची एक यादी असते. एखादा पत्ता देण्याआधी स्विच हाक मारून बघतो, तो कुणी आधीच वापरत नाही ना. कुणी ओ दिली की स्विच समजतो, या पत्त्यावर दोघांचं भांडण आहे. तो त्याला बाजूला काढून ठेवतो आणि माणसाने येऊन यादी पुसेपर्यंत पुन्हा कुणालाही देत नाही. यादीत तेवीस पत्ते होते. साठातून तेवीस गेले, उरले सदतीस. त्यातले चार ट्रस्टच्या इथल्याच हॉलमध्ये रविवारी अकराला भरणाऱ्या योगवर्गातल्या मंडळींच्या फोनकडे होते. मुदत चोवीस तास, म्हणून ते सोमवारी अकरानंतर सुटत. तिच्या वहीतली ११.०८ ती हीच. तोवर एक्केचाळीस यंत्रांना तेहतीस पत्ते. आठ जण पत्त्याविना. त्यातले सात म्हणजे फोन आणि बसायच्या जागेतला टीव्ही, त्यांची तक्रार कोण करणार? आठवं यंत्र तीन नंबर.

तिचंच का, तेही कळलं. एक आणि दोन नंबरचे कॉम्प्युटर शनिवारी चालूच ठेवून जात. रविवारभर ते आपापले पत्ते धरून बसत. हेमांगी शनिवारी निघताना तिचा नीट बंद करून जाई.

"बंद करायचा नसतो का?" तिने विचारलं.

"करायचाच असतो."

"मग ठीक. आमच्या घरी मासळीचा फ्रीज सोडून काही चालू राहिलं की सासूबाई वेसावाभर ओरडतात."

राहिला एकच प्रश्न. ही भांडणं येतात कुठून? स्विच किती वेळ सलग चालू आहे ते तो सांगतो. एक दिवस, सतरा तास. घड्याळात पावणेआठ झाले होते. मागे मोजलं: शनिवार, दुपारी पावणेतीन. शनिवारी पावणेतीनला स्विच बंद होऊन चालू झाला होता. आणि बंद झाला की तो पत्ते वाटल्याची नोंद विसरतो, कारण ती कायमची साठवून ठेव असं त्याला मुद्दाम सांगावं लागतं. मी ते सांगितलं नव्हतं. वीज गेली तर बॅटरी आहे, स्विच बंद होणारच कशाला, असा माझा विचार. आता असं बघा: स्विच सगळं विसरून उठतो आणि पहिल्यापासून पत्ते वाटायला घेतो. इकडे चालू राहिलेली यंत्रं जुनेच पत्ते धरून बसलेली. की झालं भांडण. दर शनिवारी एखाददुसरा पत्ता यादीत, आणि जानेवारीत शिल्लक संपली.

"शनिवारी दुपारी इथे कोण असतं?" मी विचारलं.

"केंद्र दोनला बंद होतं," हेमांगी म्हणाली. "मग फक्त सुलभामावशी. साफसफाईला."

सुलभामावशी वाकोल्याच्या, मूळच्या मालवणकडच्या. केंद्रातली फरशी त्यांच्यामुळे आरशासारखी. त्या बादली घेऊन जिन्यातून येतच होत्या. मी विचारलं, "मावशी, हे कपाट उघडता का तुम्ही?"

"उघडतंय तर. दर शनवारी. धूळ किती बसता ती बघलात?"

"आणि हा डबा बंद करता?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडा. "तुमीच सांगल्यात ना! दसऱ्याक. आदी बंद करूचा, मगे पुसूचा, मगे चालू करूचा. मी काय विसारलंय?"

मला आठवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी केंद्रात यंत्रांची पूजा होती. मी स्विचच्या कपाटाला झेंडूचा हार घालायला गेलो होतो. पाहतो तर मावशी ओलं फडकं पिळून चालू स्विच पुसायला निघालेल्या, दुसऱ्या हातात हळदकुंकवाची वाटी. मी ओरडलो होतो, "मावशी, आधी बंद! मग पुसा! मग चालू!" एवढं बोलून मी प्रसाद खाऊन निघून गेलो. त्या मात्र तेव्हापासून अठरा शनिवार माझा शब्द पाळत होत्या.

"मावशी, वाट लावलीत माझी," हेमांगी हसत म्हणाली.

"मी काय केलंय गो बाय?" मावशींचा चेहरा उतरला.

"तुम्ही काही नाही केलंत," मी म्हटलं. "मी सांगितलं ते केलंत."

"मगे आता पुसूचा कसा?"

"कोरड्या फडक्याने. वरून. बंद न करता."

"ह्या आदीच सांगूक काय झालेला?"

मी लॅपटॉपकडे वळलो.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. भांडणाची यादी पुसली, नोंद कायमची साठवायला स्विचला सांगितलं, फोनसाठी साठा वेगळा केला. आठ वाजून बारा मिनिटांनी तीन नंबरच्या पडद्यावर १९२ आलं. हेमांगीने आधी वहीत वेळ लिहिली, मग पहिल्या आजींची नोंदणी केली.

मी करंदीकरांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"म्हणजे मावशींना समज द्यावी लागेल."

"नाही साहेब. त्यांनी माझी सूचना पाळली. सूचना अर्धवट होती ती माझी, आणि स्विचची मांडणीही माझीच."

"अहो पेडणेकर, तुम्ही तरी कशाला अडकता? 'तांत्रिक बिघाड, दुरुस्त केला' एवढं लिहा. ट्रस्टींच्या बैठकीत जाईल तो कागद. उगाच तुमच्याबद्दल चर्चा नको. मलाही तुम्ही हवेत."

ते मनापासून बोलत होते. खरं सांगायचं तर मला ते पटलंही होतं. ट्रस्टची आणखी दोन केंद्रं आहेत, तिथलं कामही माझ्याकडे. दोन मिनिटं मी पेन हातात धरून बसलो. पण 'तांत्रिक बिघाड' लिहून माझं भागलं असतं, करंदीकरांचंही. हेमांगीचा मेमो मात्र फाइलमध्ये तसाच राहिला असता, आणि पंधरा दिवसांनी ट्रस्टींनी तो वाचला असता. त्यातलं वाक्य माझं होतं.

मी लिहिलं. मागील अहवालातील 'वापरातील चूक' हा निष्कर्ष चुकीचा होता आणि तो पुरेशी तपासणी न करता काढला होता. बिघाडाचं कारण माझी मांडणी आणि सफाईबाबत मी दिलेली अपुरी सूचना. संबंधित कर्मचाऱ्याची कोणतीही चूक नव्हती, उलट तिच्या नोंदींमुळेच कारण सापडलं. साठाचा, तेविसाचा, तेहतिसाचा हिशेब खाली मांडला.

हेमांगी मार्चमध्ये कायम झाली, हे इथेच सांगून टाकतो, उगाच ताणत नाही. करंदीकरांनी तो कागद जसाच्या तसा बैठकीत ठेवला, एक शब्द न गाळता, आणि माझं कामही माझ्याकडेच राहिलं. त्यासाठी त्यांचा मी ऋणी आहे. तेव्हापासून मी 'वापरातील चूक' हे शब्द लिहिलेले नाहीत. कारण सापडलं नाही तर 'कारण सापडलं नाही' असं लिहितो. सुरुवातीला हाताला जड जातं. गिऱ्हाइकं मात्र रागावत नाहीत, हे मला सव्वीस वर्षांत आधीच कळायला हवं होतं. त्याआधी मी लिहिलेल्या कागदांमुळे कुणाकुणाला मेमो गेले असतील, त्यांच्याकडे वही नसेल, आणि स्विचच्या कपाटावरून माझा नंबर घेण्याची हिंमतही नसेल. त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत. ती खंत आहे.

त्या दिवशी कागद करंदीकरांना देण्याआधी मी काउंटरवर नेला. रांग ओसरली होती. हेमांगीने तो सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला. मला वाटलं, ती आभार मानेल. मी 'कशाला, कशाला' म्हणायची तयारीही केली होती.

"सर, एक चुकलंय."

मला वाटलं, आकडा चुकला. "कुठे?"

"हे 'संबंधित कर्मचारी' कोण? मेमोत माझं नाव पूर्ण आहे, नवऱ्याच्या नावासकट. उद्या कुणी फाइल उघडली तर त्या कागदावर मी दिसणार, आणि या कागदावर कुणीतरी कर्मचारी."

ती बरोबर होती. मी तिच्याकडूनच कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच उभ्याने पुन्हा लिहायला सुरुवात केली, पहिल्या शब्दापासून. त्या जागी आल्यावर मी वर पाहिलं. तिने नाव सांगितलं, मी लिहिलं: हेमांगी महेश तांडेल. तिने वाकून अक्षर न् अक्षर तपासलं.

"आता बरोबर."

मग काच सरकवून तिने रांगेतल्या पुढच्या आजोबांना विचारलं, "बोला काका, नाव सांगा. पूर्ण."